हबमधली नळी
१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हापासून आमचं शहर दुचाकीच्या सुट्या भागांतच वाढलं. माझा छोटा लेथ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतो. जुन्या गाडीला दुसरं चाक बसवायचं म्हटलं, की काम अडतं ते हबमधल्या स्पेसरवर. दोन ६२०२ बेअरिंगांमधली ही साधी नळी. ती जराशी आखूड पडली, तर एक्सलचा नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, बेअरिंग तापतं आणि लवकर जातं. म्हणून मी लांबी आधी थोडी जास्तच ठेवतो. शेवटचा काप हलक्या हाताने घेतो आणि तुकडा थंड झाल्यावरच मोजतो. गरम लोखंड लांबलेलं असतं. ब्रेकचा भार पेलणारा भाग मात्र, गिऱ्हाईक कितीही गळ घालो, मी घरी करत नाही.