व्यायाम कशासाठी? आपलं कारण आपण शोधा

शुगर निघाली की डॉक्टर गोळ्या चिठ्ठीवर लिहून देतात आणि तोंडी सांगतात, रोज चालत जा. गोळ्या सुरू होतात. चालणंही सुरू होतं, पण टिकतं आठ-पंधरा दिवस. मग पाऊस लागतो, घरी पाहुणे येतात, नळाच्या पाण्याची वेळ बदलते आणि चालणं सुटतं. पुढच्या तपासणीला डॉक्टर रागावतात. घरचे म्हणतात, हिला आळसच फार. पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करून तीन घरची धुणीभांडी उरकणारी बाई आळशी कशी असेल? ती चालत होती डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तिचं स्वतःचं असं कारण तिला अजून सापडलेलं नव्हतं, एवढंच.

ज्यांचा व्यायाम वर्षानुवर्षं टिकतो, त्यांना विचारून पाहा. हार्ट अटॅक येऊ नये म्हणून, असं उत्तर क्वचितच मिळतं. कारणं अगदी घरगुती असतात. धुणीभांडी करणाऱ्या ताईला कंबर धरायला नको असते, कारण खाडा झाला की पगार कापला जातो. रिक्षावाल्या दादाला सकाळी चाललं की दिवसभर डोकं शांत राहतं, गिऱ्हाइकावर चिडचिड होत नाही. आजीला विहारात सगळ्यांबरोबर मांडी घालून बसायचं असतं आणि उठताना कुणाचा हात धरायचा नसतो. एखाद्या सुनेला तो दिवसातला एकच अर्धा तास मिळतो, ज्यात तिला कुणी हाक मारत नाही. माझंही कारण साधंच आहे. चौथ्या मजल्यावरच्या पेशंटच्या घरी जिना चढून गेल्यावर आधी माझीच धाप थांबायची वाट बघावी लागू नये.

या सगळ्या कारणांत एक गोष्ट सारखी आहे. ती जवळची आहेत. दहा वर्षांनी येणाऱ्या आजाराची भीती आज संध्याकाळी माणसाला घराबाहेर काढत नाही. आज कंबर हलकी वाटली, आज झोप लागली, हे मात्र आजच कळतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो ती तीन कारणांनी: ती आपण स्वतः ठरवलेली असते, ती आपल्याला जमते असं वाटतं आणि तिच्यात आपली माणसं सोबत असतात. दटावून किंवा लाजवून सुरू केलेला व्यायाम या तिन्हींत कमी पडतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुलं बघा. पहाटे पाचला ग्राउंडवर हजर. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्या जिद्दीला तोड नाही. पण निकाल लागला की बरेच जण ग्राउंड सोडतात, निवड झालेलेही आणि राहिलेलेही. कारणाला तारीख होती; तारीख गेली, कारण संपलं. अशा मुलांशी घरच्यांनी बोलायला हवं. भरती झाली नाही तरी तो कमावलेला दम वाया गेलेला नाही. धावताना मन कसं मोकळं व्हायचं, मित्र कसे भेटायचे, हे त्यांना आठवून द्या. पुढचं कारण त्यातच सापडेल.

वजन कमी करायचं, हे कारणही फार दिवस साथ देत नाही. वजनाचा काटा हळू सरकतो. महिनाभर चालून अर्धा किलोसुद्धा उतरलं नाही की माणूस हिरमुसतो. पण काटा हलला नाही म्हणून आत काही झालं नाही, असं नसतं. चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतर वाढणारी साखर कमी राहते. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो, त्यामुळे शुगरवाल्यांनी सलग दोन दिवस खाडा करू नये. बीपी असलेल्यांनी नेमाने व्यायाम केला तर वरचा आकडा साधारण पाच ते आठने उतरू शकतो. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आता वस्तीत नेहमी निघणारा प्रश्न. दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. कामावरची, घरातली, कामाला पायी जाण्या-येण्याची हालचालही यात धरली जाते. 1953 साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. म्हणजे कष्ट वाया जात नाहीत.

पण कष्टाचं काम शरीराला एकाच बाजूने वापरतं. फरशी पुसताना कंबर तासन्‌तास वाकलेली, हमाली करताना मान आणि खांदे दबलेले, शिलाई मशिनवर पाठीला पोक. तेच सांधे रोज झिजतात आणि बाकीचे स्नायू तसेच कमजोर राहतात. म्हणून कष्टकरी माणसाचा व्यायाम आणखी दमण्यासाठी नसतो. दिवसभर वाकलेली पाठ मागे ताणायची, दबलेले खांदे मोकळे करायचे, गुडघ्याला आधार देणारे मांडीचे स्नायू घट्ट करायचे, यासाठी तो असतो. याला दहा बाय दहाची खोली पुरते. स्टुलावरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून दहा वेळा पुढे-मागे व्हा. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. पावसाळ्यात बाहेर पडता आलं नाही तरी एवढं घरात होतं.

तथागतांनीही भिक्खूंना चंक्रमण, म्हणजे येरझारा घालत चालणं, सांगितलं होतं. अंगुत्तर निकायात त्याचे पाच फायदे दिले आहेत: माणूस प्रवासाला समर्थ होतो, परिश्रमाला समर्थ होतो, निरोगी राहतो, खाल्लेलं अन्न नीट पचतं आणि एकाग्रता जास्त काळ टिकते. या यादीत मरणाची भीती कुठेच नाही. पाचही गोष्टी चालणाऱ्याला स्वतःच्या अंगावर अनुभवता येतात.

कारण सापडलं तरी सवय लागायला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 96 जणांनी एकेक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा आला. कुणाला 18 दिवस पुरले, कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. महत्त्वाचं म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. तेव्हा एक दिवस राहिला म्हणून सगळं सोडू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला टिक करा. वेळ रोजच्या एखाद्या कामाला जोडा: पाणी भरून झालं की, मुलाला शाळेत सोडलं की, रात्रीची भांडी आवरली की.

बायांसाठी अडचण वेळेइतकीच नजरेची आणि अंधाराची असते. चौघी-पाचजणी मिळून निघा. विहाराचं आवार, शाळेचं मैदान, जिथे सुरक्षित वाटेल तिथे चाला. आणि घरातल्या पुरुषांना सांगणं आहे: आईने, बायकोने चालावं असं वाटत असेल तर तेवढा अर्धा तास पाणी तुम्ही भरा, कुकर तुम्ही लावा. नुसतं "चालत जा" म्हटल्याने तिच्या दिवसात अर्धा तास वाढत नाही.

काही गोष्टी सांभाळा. चालताना छातीत दुखलं, दडपल्यासारखं झालं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, भोवळ आली तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवाव्यात. घाम, थरथर, अंधारी आली तर त्या लगेच खाव्यात. शुगरवाल्यांनी अनवाणी चालू नये. रोज रात्री तळपाय बघावेत, कारण झालेली जखम त्यांना जाणवतेच असं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं काही केलेलं नाही त्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

आज रात्री घरात एकमेकांना एकच प्रश्न विचारा: पूर्वी जमत होतं आणि आता जड जातं असं कोणतं काम आहे? कुणी म्हणेल जिना, कुणी म्हणेल नातवाला कडेवर घेणं, कुणी म्हणेल सलग झोप. ज्याचं जे उत्तर येईल, ते त्याचं कारण. ते कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि उद्यापासून टिक करायला लागा.