मोती वसतिगृहात राहायला जातो

होळीच्या सुट्टीत शेजारचा नववीतला मुलगा आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "काका, मे महिन्यात मामाचं लग्न आहे. आम्ही सगळे आठ दिवस पुण्याला जाणार. मोतीला अकोल्याला कुत्र्यांच्या हॉस्टेलमध्ये ठेवायचं, असं बाबा म्हणतात. तो राहील ना तिथं?"

मी म्हटले, "तुला वसतिगृहात ठेवले, तर आठ दिवसांनी आईबाबा न्यायला येतील हे तुला सांगता येते. मोतीला ते कोण सांगणार?"

हा प्रश्न मला अनुभवाने सुचला होता. काही वर्षांपूर्वी आम्ही आमचा कुत्रा असाच एका ठिकाणी ठेवला होता. सकाळी नेला, साखळी दुसऱ्याच्या हातात दिली आणि निघालो. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. तेव्हा मी त्या जागेला दोष दिला. चूक माझी होती. प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना रोज बजावतो, की एका वेळी एकच राशी बदला, बाकीच्या स्थिर ठेवा. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी जागा, माणसे, अन्न, वास आणि वेळापत्रक हे सारे एकाच सकाळी बदलून टाकले होते.

विद्यार्थीमित्रांनो, कुत्र्याला परक्या ठिकाणी राहण्यासाठी तयार करणे म्हणजे हे बदल सुटे करून एकेक अंगवळणी पाडणे. ते कसे करायचे, हे आता पाहू या.

परकी जागा आणि आपले माणूस

वर्षदीड वर्षाच्या मुलांचे आईशी असलेले नाते तपासण्यासाठी मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी एक चाचणी तयार केली होती. अनोळखी खोलीत मूल कधी आईसोबत, कधी परक्या माणसासोबत आणि कधी एकटे ठेवून ते कसे वागते, हे पाहायचे. १९९८ साली हंगेरीतील बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच चाचणी ५१ कुत्र्यांवर त्यांच्या मालकांसह करून पाहिली. मालक जवळ असताना कुत्री खोलीत अधिक हिंडली, अधिक खेळली. मालक बाहेर जाताच ती दाराशी जाऊन उभी राहू लागली.

यातून आपल्या कामाचा धडा मिळतो. मालक बरोबर असेल तर परकी जागा कुत्र्याला सोसते. म्हणून नव्या जागेची पहिली भेट त्याने आपल्याबरोबर घ्यावी आणि एकटे राहण्याचा पहिला सराव आपल्याच घरात करावा. हे दोन्ही बदल एकाच दिवशी त्याच्यावर लादू नयेत.

किल्ल्यांचा आवाज

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाच्या आधी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या त्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवले. मोतीच्या घरातही असे संकेत होते. आईने चपला घातल्या, किल्ल्या खुळखुळल्या, की मोती बेचैन व्हायचा.

उपाय त्याच नियमात आहे. मुलाने दिवसातून चार-पाच वेळा किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा जागेवर ठेवायच्या. प्रवासाची बॅग आठ दिवस खोलीतच पडू द्यायची. मग दार लावून दोन मिनिटे बाहेर जायचे आणि परत यायचे. पुढे पाच मिनिटे, पाव तास, एक तास. जाताना कुरवाळणे नको, आल्यावर गोंधळ नको. 'मी परत येतो' हे कुत्र्याला शब्दांनी सांगता येत नाही. पन्नास वेळा परत येऊनच ते सांगावे लागते.

नाकाला ओळखीचे काही

आपल्या नाकात वासाच्या सुमारे ५० ते ६० लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्या वीस-तीस कोटींपर्यंत असतात, असे मानले जाते. वापरलेल्या कपड्यातून वासाचे रेणू दिवसेंदिवस हळूहळू बाहेर पडत राहतात. आपल्याला तो कपडा कोरडा आणि निर्वास वाटतो, पण कुत्र्याला त्यात घरचा माणूस ओळखता येतो.

२०१५ साली अमेरिकेतील ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा कुत्र्यांना भूल न देता एमआरआय यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवले आणि निरनिराळे वास हुंगवले. सुखद गोष्टीच्या अपेक्षेशी संबंध असलेला मेंदूचा एक भाग ओळखीच्या माणसाच्या वासाने सर्वांत अधिक उद्दीपित झाला. म्हणून मोतीच्या सामानात मुलाचा एक जुना, न धुतलेला सदरा आणि मोतीची नेहमीची गोधडी घालायची ठरली. आईला ती गोधडी धुवायची होती. मुलाने धुऊ दिली नाही.

भाकरी, लस आणि ऊन

मोती घरी दूध-भाकरीवर वाढलेला, तर वसतिगृहात तयार दाणेदार खाद्य मिळणार होते. अन्न एकाएकी बदलले तर कुत्र्याचे पोट बिघडते. तेव्हा आठ-दहा दिवस आधीपासून नवे खाद्य पाव हिस्सा, मग निम्मे, मग पाऊण असे वाढवत न्यावे. वसतिगृहवाले तयार असतील तर घरचेच अन्न मोजून द्यावे.

जेथे अनेक कुत्री एकत्र राहतात, तेथे एकाचा खोकला साऱ्यांना लागतो. पार्व्हो हा जुलाब-उलट्यांचा घातक रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून आदल्या दिवशी ढोरांच्या दवाखान्यात धावत जाण्यात अर्थ नाही. रेबीजसह कोणत्या लसी हव्यात, हे पशुवैद्यांना महिनाभर आधी विचारावे. जे वसतिगृह लसीचे प्रमाणपत्र मागत नाही, तेथे आपला कुत्रा ठेवू नये.

आपल्या वऱ्हाडात तिसरी काळजी उन्हाची. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. तो अंग थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाक यांतील ओलाव्याचे बाष्पीभवन करून. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता शोषली जाते. शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला दर अंशाला ३,५०० जूल धरली, तर १५ किलोच्या कुत्र्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरवायला ५२,५०० जूल काढून टाकावे लागतील. भागाकार करा, उत्तर सुमारे २२ ग्रॅम पाणी येईल! पण कोंदट खोलीत हवा बाष्पाने भरली की हे बाष्पीभवन मंदावते. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले तर जिवाला धोका असतो. म्हणून वसतिगृह पाहायला जाल तेव्हा भिंतीच्या रंगापेक्षा छप्पर पाहा. टिनाखाली वारा खेळतो का आणि पाण्याचे भांडे दिवसभर भरलेले राहते का, हे विचारा.

मुलाची वही

मुलाने आलेखाची वही केली होती. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर दार लावल्यावर मोती किती मिनिटे केकाटला ते. पहिल्या दिवशी ११ मिनिटे, आठव्या दिवशी ४. बाराव्या दिवशी आम्ही वेळ एकदम वाढवली, तर आलेख पुन्हा वर चढला. आम्ही एक पायरी मागे आलो. तो खाली आल्यावरच मोतीला अकोल्याला नेले. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर, म्हणून आधी गाडीच्या छोट्या फेऱ्याही झाल्या. पहिल्या खेपेला दोन तास सारे मिळून तेथे बसले. दुसऱ्या खेपेला तो एक रात्र एकटा राहिला. त्या संध्याकाळी जेवला नाही, सकाळी जेवला.

लग्नाच्या वेळी पहिल्या रात्री त्याने अर्धे अन्न खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून भांडे रिकामे होऊ लागले, असे फोनवर कळले. मुलाने तेही वहीत टिपले.

प्रत्येक कुत्र्याचा आलेख असाच उतरेल असे नाही. म्हातारा, आजारी किंवा फार भित्रा कुत्रा असेल, तर ओळखीच्या माणसाला आपल्या घरी मुक्कामाला बोलावणेच बरे. तुमच्याकडे कुत्रा असेल, तर गावाला जायचे ठरले नसले तरी ही वही आजपासून सुरू करा. सहा आठवडे हाताशी असले की घाई करावी लागत नाही.