सुई विकत घ्या, पिनकुशन घरी करा

दिवाळीआधी माळे रिकामे होतात, तेव्हा ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या घराघरांतून विरलेल्या साड्या, जुन्या जीन्स, कान तुटलेले कप, बंद पडलेले स्पीकर आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे बाहेर पडतात. साड्या बोहारणीकडे जातात, स्पीकर भंगारवाल्याकडे आणि उरलेलं घंटागाडीत. शिवणकाम करणाऱ्या माणसाला लागणाऱ्या बऱ्याच वस्तू याच ढिगातून होऊ शकतात : पिनकुशन, इस्त्रीची गादी, कापडावर ठेवायची वजनं, कात्र्या-टेप ठेवायचे खिसे. बाहेरून आणायचं म्हटलं तरी आपण मोक्याच्या जागी राहतो. उल्हासनगरचा जीन्सचा धंदा आणि भिवंडीचे यंत्रमाग हाकेच्या अंतरावर आहेत आणि तिथले उरलेले तुकडे किलोवर मिळतात.

अडचण सामानाची नाही, समजुतींची आहे. काहींना वाटतं, जुन्यातून चांगलं काही निघत नाही. काहींना वाटतं, जुन्याचं काहीही करता येतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. कोणत्या वस्तूत कोणता गुण आहे आणि आपल्या दमट हवेत तो किती टिकतो, एवढं कळलं की काम सोपं होतं.

गैरसमज : जुनं कापड म्हणजे कमकुवत कापड.

वस्तुस्थिती : कापड सगळीकडे सारखं झिजत नाही. साडीचा खालचा काठ, गुडघ्यापाशी येणारा भाग आणि बसताना ताण पडणारा भाग आधी विरतो. कमरेला खोचलेलं आतलं टोक मात्र बराच काळ मजबूत राहतं. कापड खिडकीसमोर धरा. उजेड जिथे जाळीसारखा दिसतो तो भाग बाजूला काढा. उरलेला भाग दोन्ही हातांनी उभा-आडवा ओढून पाहा. धागे सरकले नाहीत आणि चर्रकन फाटलं नाही, तर ते कापड कामाचं आहे.

जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या थरांवर धावदोरा घालून गोधडी शिवणाऱ्या बायका हेच करत आल्या. धुऊन धुऊन खळ निघून गेलेलं सुती कापड मऊ होतं, म्हणूनच बाळाची दुपटी आणि लंगोट जुन्या कापडातून निघतात. स्वच्छतेची शंका असेल तर सुती कापड गरम पाण्यात साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा आणि गरम इस्त्री फिरवा. विकत आणलेल्या जुन्या कापडाला तर हे केल्याशिवाय कात्री लावू नये.

गैरसमज : पिनकुशनमध्ये काहीही भरलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : सुयांचं आयुष्य पिनकुशनमधल्या भरणावर ठरतं. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या पुढे गेली की उघड्या लोखंडाला गंज धरण्याचा वेग वाढतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती 80-90 टक्क्यांच्या घरात असते. प्रमाणित हवेत, म्हणजे 65 टक्के आर्द्रतेत, कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के धरतं. त्यामुळे पावसाळ्याचा विचार केला तर जुन्या फायबरच्या उशीतलं पॉलिस्टरचं भरण कापसापेक्षा बरं. लाकडाचा भुसा सुई घट्ट धरतो, पण तोही ओल ओढतो. तो वापरायचा तर साध्या लाकडाचाच घ्या, चाळा आणि कडक उन्हात वाळवून मगच भरा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात गोंदाचं रसायन असतं, तो घरात आणू नये. तांदूळ भरला तर टोके होतात. खाडीची वाळू खारट असते आणि मीठ गंजाला आमंत्रणच देतं.

कान तुटलेल्या कपाचं पिनकुशन असं करा. कपाच्या तोंडाच्या साधारण अडीच पट व्यासाचं वर्तुळ कापा. तोंड 7 सेंटिमीटर असेल तर कापड 18 सेंटिमीटर. कापड घट्ट विणीचं हवं. सैल विणीतून सुया सटकतात. कडेपासून 1 सेंटिमीटर आत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला आणि तो अर्धवट ओढा. झालेल्या बटव्यात फायबर दाबून भरा. भरून झालं असं वाटल्यावर अजून तेवढंच भरा, कारण फायबर दबतं आणि सैल भरणात सुई उभी राहत नाही. दोरा आवळून गाठ मारा. कप हलका असेल तर तळाला धुऊन, कढईत भाजून कोरडी केलेली वाळू पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे तो कलंडणार नाही. गुळगुळीत चिनी मातीवर लाकडाचा पांढरा गोंद नीट धरत नाही. रबरी अॅडहेसिव्ह कडेने लावा आणि गोळा बसवा. घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटीही अशीच वापरता येते.

एवढं करूनही पावसाळ्यात सुया पिनकुशनमध्ये टोचून महिनोन्महिने ठेवू नयेत. काम संपलं की त्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाका. बिस्किटांचा पत्र्याचा डबा दोऱ्यांना आणि बटणांना ठीक. वरचा मुलामा खरवडला गेला की तो स्वतःच गंजतो, म्हणून सुयांना नको.

गैरसमज : तारेच्या घासणीने सुईला आणि सँडपेपरने कात्रीला धार येते.

वस्तुस्थिती : साध्या लोखंडी तारेचा बोळा दमट हवेत स्वतःच गंजतो आणि गंज सुईलाही लागतो. स्टेनलेस स्टीलची घासणी गंजत नाही, पण टोकाला धारही देत नाही. परदेशी टोमॅटोच्या आकाराच्या पिनकुशनला एक छोटी स्ट्रॉबेरी लटकलेली असते. तिच्यात कुरुंदाची पूड भरलेली असते आणि सुई तिच्यातून आरपार काढली की टोकावरचा मळ आणि हलका गंज निघतो. आपल्याला हार्डवेअरच्या दुकानातला एमरी पेपर त्यासाठी पुरतो.

सँडपेपर किंवा अॅल्युमिनियम फॉइल कापल्याने कात्रीच्या पात्यावरचा खरखरीतपणा थोडा कमी होतो, म्हणून ती क्षणभर बरी चालल्यासारखी वाटते. धारेचा कोन त्याने परत येत नाही. सोसायटीत चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडेच चांगली कात्री द्या. कागदात चिनी मातीसारखे खनिज पदार्थ मिसळलेले असतात आणि ते धार खातात. त्यामुळे पेपर कटिंगची कात्री वेगळी आणि कापडाची वेगळी, हा टेलरांचा नियम घरीही पाळावा.

गैरसमज : लोहचुंबकाने शिलाई मशीन बिघडतं.

वस्तुस्थिती : हाताने किंवा पायाने चालणाऱ्या काळ्या मशीनमध्ये चुंबकाने बिघडावं असं काही नसतं. बंद स्पीकरमधला गोल चुंबक जुन्या कापडाच्या पिशवीत शिवला की सांडलेल्या टाचण्या एका फेरीत गोळा होतात. इलेक्ट्रॉनिक मशीन असेल तर माहितीपुस्तिका पाहा आणि चुंबक जरा लांब ठेवा. पितळेच्या आणि काही स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या चुंबकाला चिकटत नाहीत, तेव्हा सगळं गोळा झालं असं धरून चालू नका. खरी काळजी वेगळीच घ्यायची आहे. सुटे छोटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एकाहून जास्त गिळले गेले तर ते आतड्याला भोक पाडू शकतात. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीनेही चुंबक छातीजवळ आणू नये.

गैरसमज : साबणाच्या तुकड्याने कापड खराब होतं, टेलरचा खडूच हवा.

वस्तुस्थिती : वापरून पातळ झालेली साबणाची चकती चार-पाच दिवस वाळवली की गडद कापडावर खडूइतकीच बारीक रेघ उठते आणि धुतली की जाते. साबण पांढरा आणि साधा घ्यावा. क्रीम किंवा तेल जास्त असलेल्या साबणाचा डाग राहू शकतो. रेशमावर आणि फक्त ड्रायक्लीन करायच्या कापडावर साबण नको. आधी चिंधीवर रेघ मारून पाहा आणि खूण धुण्याआधी तिच्यावर इस्त्री फिरवू नका.

गैरसमज : इस्त्रीची गादी कोणत्याही जुन्या कापडाची होते.

वस्तुस्थिती : ब्लाऊजचे टक्स सपाट टेबलावर इस्त्री केले की गोलाई दबते. त्यासाठी टेलर गोलसर, कडक भरलेली गादी वापरतात. ती घरी उत्तम होते, पण तिथे भरणाचा नियम उलटा. पिनकुशनला चालणारं पॉलिस्टर इथे वितळतं. म्हणून आत वाळवलेला भुसा किंवा लोकरीच्या जुन्या कपड्यांचे बारीक तुकडे ठासून भरा आणि वर घट्ट सुती कापडाचे दोन थर द्या. बाहीच्या शिलाईसाठी रद्दीतली दोन-तीन मासिकं घट्ट गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि शाई कापडाला लागू नये म्हणून सुती कापडाची दुहेरी खोळ शिवा.

कापड सुती आहे का, अशी शंका आली तर दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही दिसतं, तेव्हा जुनी टेरिकॉट पँट इस्त्रीच्या गादीला बाद.

गैरसमज : जीन्स घरच्या मशीनवर शिवताच येत नाही.

वस्तुस्थिती : नेहमीच्या 14 नंबरऐवजी 16 किंवा 18 नंबरची सुई लावली आणि टाका जरा मोठा ठेवला, तर जीन्सचे दोन-तीन थर घरचं मशीन शिवतं. जाड जोडावर आधी हातोडीने ठोकून घ्या आणि तिथे चाक हाताने फिरवा. धातूच्या रिबिटजवळ सुई नेऊ नका. जीन्सच्या पायाचं कापड उलगडून त्यावर मागचे खिसे शिवले की कात्री, टेप, खडू, बॉबिन भिंतीवर टांगून ठेवता येतात. मात्र गडद निळी जीन्स आधी वेगळी धुवा. तिचा रंग घासूनही सुटतो आणि पांढऱ्या कापडाला लागतो.

गैरसमज : रेक्झिन आणि चामडं सारखंच.

वस्तुस्थिती : हाताने शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान जुन्या चामडी पाकिटातून छान होतं. कृत्रिम चामड्यावरचा पॉलियुरेथेनचा थर मात्र दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ज्या पर्सचे पापुद्रे निघू लागलेत, ती कापून कात्रीचं कव्हर करण्यात वेळ घालवू नका.

गैरसमज : जुना दोरा, इलॅस्टिक आणि टेपही चालवून घ्यावेत.

वस्तुस्थिती : इथे काटकसर महागात पडते. जुना सुती दोरा उन्हाने आणि ओलीने कमजोर होतो. हाताने ओढून पटकन तुटला तर तो फक्त कच्च्या टाक्यांना ठेवा. रबर उष्णतेने आणि घामाने मरतं. दुप्पट ताणून सोडल्यावर जे इलॅस्टिक मूळ लांबीवर येत नाही, ते टाकून द्या. कापडी टेप ताणला जातो. स्टीलच्या पट्टीशी लावून 12 इंच बरोबर 30.5 सेंटिमीटरवर येतात का, ते वर्षातून एकदा तपासा. मशीनची सुई साधारण 8 तासांच्या शिवणीनंतर बदलावी.

गैरसमज : अशाने शहराच्या कचऱ्याचा प्रश्न सुटेल.

वस्तुस्थिती : आधारवाडीच्या कचराभूमीला लागलेल्या आगींचा धूर कल्याणकरांनी सोसला आहे. तो प्रश्न चार पिनकुशनांनी सुटणारा नाही, तसा दावाही कुणी करू नये. फायदा छोटा आहे, पण खरा आहे. शिवण शिकणाऱ्या मुलीचा सुरुवातीचा खर्च कमी होतो, आणि वस्तू हाताने केल्याने कापड, धागा आणि धातू यांची पारख येते. ती पारख पुढे प्रत्येक शिवणीत कामी येते.

तेव्हा सुई, दोरा, कात्री, टेप आणि इलॅस्टिक चांगल्या दुकानातून घ्या. पिनकुशन, गाद्या, खिसे, वजनं आणि डबे घरी करा. आणि तुटलेल्या सुया, वाकलेल्या टाचण्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवून, झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया’ असं ठळक लिहूनच घंटागाडीत द्या. आपला कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात आपली सुई जाता कामा नये.