बिबट्याच्या उशाशी

गाई-म्हशी आणि शेळ्या यांच्यात माझी सगळी नोकरी गेली. पालघर आणि बोईसरच्या पूर्वेच्या पाड्यांवर लसी टोचायच्या, अडलेली गाय सोडवायची, बिबट्याने शेळी नेली की पंचनाम्याला हजर राहायचं. बिबट्या म्हणजे माझ्या लेखी भुसभुशीत मातीतला पंजाचा ठसा आणि भरपाईचा कागद! त्याचं थर्मामीटर कधी हातात धरावं लागेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पण पूर्वी आमच्याकडे असलेले एक डॉक्टर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मदतीला जात. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांचा निरोप आला, ‘एका म्हाताऱ्या नराचा सुळा तुटून पू झालाय. धीराचा एक माणूस हवाय.’ पहाटेची लोकल पकडली. सफाळे, वैतरणा मागे पडलं तरी धीर काही जमा होईना.

केंद्राच्या दारातच चपला काढायला लावल्या, पाय जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायला लावले. आदल्या दिवशी मी दोन कुत्री हाताळली होती ना! कुत्र्यांचा डिस्टेंपर मांजरकुळालाही सोडत नाही. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यामागे याच विषाणूचा हात आढळला होता.

बिबट्याला आदल्या दिवशी उपास होता. गुंगीच्या औषधाने उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली, तर संपलंच. पिंजऱ्याची एक बाजू सरकवून त्याला जाळीशी आणलं आणि इंजेक्शन दिलं. औषधाची मात्रा ऐकून मी चाटच पडलो. वजनाच्या हिशेबाने त्याच्या कितीतरी कमी झायलाझिनमध्ये आमची गाय गुडघे टेकते!

दहा-बारा मिनिटांत तो आडवा झाला. डोळे मात्र टक्क उघडे. केटामाइनच्या गुंगीत पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. मलम घालून डोळ्यांवर फडकं बांधायचं, हे माझं पहिलं काम. हात थरथरत होता, हे कबूल करायला लाज कसली? कानाच्या टोकाशी जुनी चीर होती. अंगाला उन्हात वाळवलेल्या गोधडीसारखा वास येत होता.

सुळा पिंजऱ्याच्या गजावर तुटलेला. पकडलेला बिबट्या गज चावतो, दात मोडतो, आणि शिकारीला निकामी झालेला असा प्राणी जंगलात कसा सोडणार? सुळे शाबूत असले तरी दूर नेऊन सोडणं हा उपाय नव्हेच. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातले अनेक बिबटे पकडून लांब सोडले. हल्ले मात्र वाढले. विद्या अत्रेय यांनी अभ्यासातून हे दाखवून दिलं. तेव्हापासून पिंजऱ्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

डॉक्टर दातात गुंतले होते. मी ताप मोजत होतो. १०२... १०३... मग १०४ च्याही वर! गुंगीत प्राण्याला धाप टाकून अंग निववता येत नाही. ‘बर्फ!’ डॉक्टर मान न वळवता म्हणाले. काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, पंजांवर पाणी. एक हात त्याच्या बरगड्यांवर. श्वास मोजताना माझाच अडकत होता. वीसेक मिनिटांनी पारा उतरला. दात निघाला. उतारा टोचला, आम्ही दार लावून बाहेर आलो. बऱ्याच वेळाने त्याने मान उचलली, पुन्हा टाकली, पुन्हा उचलली.

त्याच आठवड्यात मनोरकडे लसीकरण होतं. तिथल्या एका आजीची गाभण शेळी बिबट्याने नेली होती. पंचनाम्याला मीच गेलो होतो. त्यांच्या पाड्यावर वाघबारशीला वाघदेवाला शेंदूर लागतो, नारळ फुटतो. मी घडलेलं सांगितलं, तशी एक तरणा पोरगा फिसकारला, ‘आमच्या शेळ्या खाणाऱ्याला दवा? आणि आमचे पैसे कवा?’

मला उत्तर सुचेना. त्याच्या भरपाईचा कागद अजून फिरतच होता.

आजी शेळीचा कान धरून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘मग खाल्लं का रं त्यानं?’

‘तिसऱ्या दिवशी. कोंबडी.’

‘हाडं काढून दिली ना? तोंड दुखत असंल त्याचं.’

मी सुई भरली. तिने शेळी घट्ट धरली.