उंच बैठकीचा हिशेब

रविवारी सकाळी गाड्यांच्या कुठल्याही शोरूममध्ये जाऊन बसा. मध्यम आकाराच्या एसयूव्हीभोवती एखादं कुटुंब घुटमळत असतं. वडील बॉनेट उघडायला लावतात आणि आत पाहून समजल्यासारखी मान हलवतात, मुलं सनरूफचं बटण शोधतात, आजींना एकदा मागच्या सीटवर चढवून-उतरवून पाहिलं जातं. शेवटी गाडी चालवणारा स्टीअरिंगमागे बसतो. शेजारच्या हॅचबॅकचं छप्पर त्याला वरून दिसतं आणि निम्मा सौदा तिथेच पक्का होतो. विक्रेत्यालाही हे ठाऊक असतं. या वर्गात खरी विकली जाते ती बैठकीची उंची.

उंचीला नावं ठेवायचं कारण नाही. गुडघे धरलेल्या माणसाला सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उतरताना हात धरून वर यावं लागतं. इथे तो खुर्चीवर बसावा तसा सरळ सरकतो. गतिरोधकाला पोट घासत नाही. पण उंचीबरोबर आपण दणकट, चिखलात-ओढ्यात जाणारी, काहीही सोसणारी गाडी घेतली अशी समजूतही घरी येते, आणि पुढचे बरेचसे खर्च आणि चुका तिथून सुरू होतात.

स्कॉर्पिओ किंवा बोलेरोच्या तळाशी पोलादी शिडीसारखी चासी असते आणि गाडीचा सांगाडा तिच्यावर बोल्टने बसवलेला असतो. 2002 मध्ये आलेली, नाशिकला बनलेली स्कॉर्पिओ लोकांच्या डोक्यात एसयूव्ही म्हणून बसली ती त्याच रूपात. पुढे 2012 च्या जुलैत रेनॉची डस्टर आली, 2015 च्या जुलैत ह्युंदाईची क्रेटा आली आणि चित्र पालटलं. क्रेटा, सेल्टोस, ग्रँड विटारा, हायरायडर, एलेव्हेट, चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुन या साऱ्या साधारण सव्वाचार ते साडेचार मीटर लांबीच्या गाड्यांना वेगळी चासी नाही. अंगाचा सांगाडाच सगळा भार घेतो, जसा कोणत्याही मोटारीत घेतो. होंडाची एलेव्हेट तर सिटी या सेडानच्याच पायावर उभी आहे. बहुतेकांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. म्हणजे ही उंच केलेली मोटार आहे. चांगली मोटार आहे. पण मोटार आहे.

हे ध्यानात ठेवलं की पावसाळ्यातला मोठा धोका टळतो. क्रेटाचा ग्राउंड क्लिअरन्स 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच. कंपन्या देतात तो आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी आणखी खाली बसते. शिवाय तळ आणि रस्ता यांतलं अंतर म्हणजे किती पाण्यातून गाडी जाईल याचं माप नव्हे. ते ठरतं इंजिन हवा कुठून ओढतं त्यावर. तिथून पाणी आत गेलं की पिस्टन त्याला दाबू पाहतो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात बसल्या. अशा वेळी गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. ढकलून बाहेर काढावी आणि टो करून न्यावी. पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं तर साधी विमा पॉलिसी बहुधा हात वर करते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कवच घ्यावं लागतं. किनारपट्टीवर आणि मुंबईत ते घ्यावंच.

आता पैशांकडे. आपल्याकडे गाडीची लांबी फूटपट्टीने नाही, करखात्याने ठरवली. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि तेव्हापासून गाड्यांची शेपटं कापली जाऊ लागली. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू मागून अशा तुटक का दिसतात, त्याचं उत्तर तिथे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आतल्या गाड्या सेस धरून 29 ते 31 टक्क्यांवरून 18 वर उतरल्या. क्रेटा-सेल्टोसच्या वर्गातल्या 45 वरून 40 वर आल्या. दोन्हीकडे जाहिराती 'कर घटला' म्हणून झळकल्या, पण दोन वर्गांतली दरी मात्र रुंदावली.

हिशेब मांडून पाहू. करांआधी 10 लाखांची छोटी एसयूव्ही जीएसटीसह 11 लाख 80 हजारांना पडते. त्याच मूळ किमतीची मध्यम एसयूव्ही 14 लाखांना. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीवर 12 टक्के रस्ता कर आहे, तो धरला तर अनुक्रमे 13 लाख 22 हजार आणि 15 लाख 68 हजार. डिझेलला हाच कर 14 टक्के, आणि कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर 20 टक्के. म्हणजे अर्ध्या मीटरहूनही कमी लांबीसाठी जवळजवळ अडीच लाख फक्त करात जातात. पाच जणांचं कुटुंब आणि वरचेवर लांबचा प्रवास असेल तर ते द्यावेत. मागच्या सीटवर बहुतेक वेळा लॅपटॉपची पिशवीच बसत असेल तर पुन्हा विचार करावा. शिवाय 10 लाखांवरच्या गाडीवर शोरूम 1 टक्का टीसीएस घेतं. तो प्राप्तिकर विवरणपत्रात परत मागता येतो, आणि गाडीच्या आनंदात तो मागायचा राहून गेलेली मंडळी बरीच असतात.

इंधनाचा प्रश्न शोरूममध्ये मायलेजच्या एका आकड्यावर उरकला जातो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिच्या प्रमाणपत्रातला आकडा जाहिरातीत येतो. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या चक्राने काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी, महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधायला नाही. पण डिझेल घ्यायचं की नाही, हे मायलेजपेक्षाही एका धातूच्या डब्यावर ठरायला हवं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी सर्रास आली. ती काजळी अडवते, आणि ती भरत आली की इंजिन ती जाळून टाकतं. त्यासाठी गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते आणि तेवढी तापायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. कोथरूडहून डेक्कनला, तिथून मुलाच्या शाळेत आणि परत, एवढंच जिचं आयुष्य आहे त्या गाडीच्या गाळणीतली काजळी अर्धवटच जळत राहते. मग डॅशबोर्डवर खूण पेटते, वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात आणि मालक गाडीला दोष देतो. गाडीत दोष नसतो. सोलापूर-पुणे करणाऱ्या माणसाला तीच गाडी सोन्यासारखी चालते. शहरातल्या गर्दीत उलट स्ट्राँग हायब्रिड खुलते, कारण प्रत्येक ब्रेकबरोबर तिची बॅटरी थोडी भरते. पण बॅटरी डिकीतली जागा खाते, म्हणून टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातली मोठी बॅग न्यावी आणि तिथेच आत ठेवून पाहावी. विक्रेता हसला तर हसू द्यावं.

त्याही आधी टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरावं. खूण केलेली जागा अनेक ठिकाणी अडीच मीटर रुंद असते. क्रेटाची रुंदी आरसे सोडून 1.79 मीटर. दोन्ही बाजू मिळून 71 सेंटिमीटर उरले, आणि त्यातला काही भाग शेजाऱ्याने किंवा खांबाने आधीच घेतलेला. यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर पाटीवरची उंची आणि वजनाची मर्यादा वाचावी. तिथले काही कप्पे सेडानच्या उंचीसाठीच बांधलेले असतात आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्या 1.6 मीटरच्या वर जातात.

व्हेरियंट निवडताना एक जुनी युक्ती चालते: बेस मॉडेल घ्यायचं आणि बाकी बाहेरून बसवायचं. ती अर्धी बरोबर आहे. स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, अलॉय व्हील, सीट कव्हर हे नंतर होतं. जास्तीच्या एअरबॅग, ईएससी, मागचे डिस्क ब्रेक हे कुठल्याही दुकानात मिळत नाही. उंच गाडीला ईएससी जास्त गरजेची, कारण घाटातल्या वळणावर वरचं वजन बाहेर झुकतं आणि ही यंत्रणा एकेक चाक वेगळं आवळून गाडी ताळ्यावर आणते. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपच्या अपघात चाचण्या सुरू झाल्या आहेत. आपल्या गाडीचं मानांकन आणि कुठला व्हेरियंट तपासला हे दोन्ही वाचावं.

डिलिव्हरीचा मुहूर्त दसऱ्याचा असो वा पाडव्याचा, तपासणी पासिंगच्या आधी करावी. नंबर पडला की गाडी तुमची, ओरखड्यांसकट. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: 3225 म्हणजे 2025 चा बत्तिसावा आठवडा. गाडी कधी बनली हे शोरूमकडून लेखी घ्यावं, विशेषतः जानेवारीत. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही, एवढं म्हटलं तरी बरेचदा कोटेशन खाली येतं.

आणि मग गाडी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाते. उंच मोटारीला जंगलाचं सोंग इथे चढतं. सर्वांत लाडकी मागणी पुढच्या लोखंडी बंपर गार्डची. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळण्यासाठी बनवलेला असतो. टक्कर तो सोसतो आणि संवेदक तो धक्का मोजून एअरबॅग उघडतात. गार्ड लावला की धक्का थेट सांगाड्यात जातो, एअरबॅगची वेळ चुकू शकते, आणि समोर पादचारी असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार देऊन राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. तरी ते विकले जातात, बसवले जातात, आणि एखाद्या साहेबाच्या गाडीवर दिसले की गावभर पसरतात.

सीट कव्हरचा धोका मऊ आहे म्हणून दिसत नाही. बाजूच्या एअरबॅग अनेक गाड्यांत सीटच्या कडेत असतात. जाड रेक्झिनचं घट्ट कव्हर त्यांच्यावर शिवून टाकलं तर फुटायची जागाच बंद होते. त्या कडेला कच्ची शिवण असलेलं कव्हर मागावं. मॅटचंही तसंच. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्ससमध्ये दुसऱ्याच मॉडेलची, एसयूव्हीची रबरी मॅट टाकली होती. ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला आणि चार जण गेले. त्यानंतर टोयोटाला अमेरिकेत लाखो गाड्यांच्या मॅटसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर थ्रीडी मॅट आणि तिच्यावर आणखी एक पायपुसणी घालणाऱ्यांनी हे वाचावं. ड्रायव्हरच्या पायाखाली एकच मॅट, आणि ती हुकांत अडकलेली.

काचांच्या बाबतीत नियम सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. विदर्भातल्या उन्हाची तक्रार खरी आहे, पण बाजूला लावायच्या जाळ्या गाडी उभी असतानाच बऱ्या. वायर कापून जोडलेले जादा दिवे आणि भोंगे वॉरंटीवर पाणी सोडतात, कारण पुढे विजेचा कुठलाही बिघाड त्याच जोडावर ढकलता येतो. कपलरला कपलर जोडून बसेल तेवढंच घ्यावं. मोठी टायरं घातली की स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवू लागतो. छतावरच्या कॅरियरवर किती वजन चालतं ते पुस्तिकेत असतं. उंच गाडीच्या डोक्यावर सिलिंडर आणि ट्रंका बांधून आंबा घाट उतरणं हा पराक्रम नव्हे.

पैसे कुठे घालावेत? मडफ्लॅप, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, नीट जोडलेला डॅशकॅम. समृद्धी महामार्गाला लागण्याआधी थंड टायरची हवा तपासायला तो पंप कामी येतो, कारण कमी हवेचं टायर सलग वेगात तापतं आणि फुटतं.

याच बाजारात सीट बेल्टचा 'टिंग टिंग' बंद करणारी क्लिपही मिळायची. बेल्ट न लावता बकलमध्ये ती खोचायची, गाडी गप्प. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये ऑनलाइन बाजारपेठांना ती काढून टाकायला लावली आणि 13 हजारांहून अधिक नोंदी उतरल्या. त्याआधी 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. त्यांची गाडीही मध्यम आकाराची एसयूव्हीच होती, महागातली आणि एअरबॅगनी भरलेली. ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागच्या सीटवरच्या मुलांना तर आपण अजून मांडीवर घेतो किंवा सनरूफमधून वर काढतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा बालसीटविना बसवलं तर 1,000 रुपये दंड आहे. या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली तर आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या लागतात, बालसीट त्यांतच अडकते. घरात लहान मूल असेल तर क्रोमच्या पट्ट्यांच्या आधी शोरूममध्ये ती सीट मागावी. बहुधा मागवून घ्यावी लागेल.