सामायिक संगणक, शोधसाधने आणि खासगीपण

मीरा-भाईंदरसारख्या शहरात वसतिगृहाचा संगणक कक्ष असो, सायबर कॅफे असो वा एका खोलीचे घर, एकच संगणक अनेक हातांखालून जातो. हजारो फाइलींतून हवी ती क्षणात सापडावी म्हणून शोधसाधन त्यांची अनुक्रमणिका आधीच तयार करून ठेवते. ती कोणाला दिसावी, हा खरा प्रश्न आहे.

फाइलीचे नुसते नावही पुष्कळ सांगून जाते. ‘जातप्रमाणपत्र’, ‘फीमाफी अर्ज’, ‘रक्ततपासणी’ अशी नावे वाचली, की फाइल न उघडताही एखाद्याची परिस्थिती चारचौघांत उघडी पडते. लिनक्सवरील ‘लोकेट’ची यादी प्रशासकाच्या अधिकाराने तयार झाली, तर सर्वांची नावे सर्वांना दिसत. पुढे ‘एसलोकेट’ व ‘एमलोकेट’ यांनी शोधणाऱ्याला जे पाहण्याचा अधिकार आहे तेवढेच दाखवण्याची व्यवस्था केली. विंडोजचा अंगभूत शोधही हा अधिकार तपासतो.

मात्र सर्वांनी एकाच खात्यातून काम केले, तर संगणकाच्या लेखी ते सारे एकच व्यक्ती ठरतात आणि ही तपासणी निरर्थक होते. म्हणून प्रत्येकास स्वतंत्र खाते व परवलीचा शब्द द्यावा, काम संपताच खात्यातून बाहेर पडावे आणि प्रशासकाचा अधिकार व्यवस्थापकापुरताच ठेवावा.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. वसतिगृहात ज्याची त्याची पेटी आणि ज्याचे त्याचे कुलूप असते. विद्यार्थ्याच्या फाइलीलाही तोच न्याय लागू व्हावा.