संगणकाचे बलुते

‘हा पडूनच आहे, घेऊन जा. आमचं जरा बघत जा, म्हणजे झालं.’ खेड्यापाड्यांतून आज एक नवी देवघेव या दोन वाक्यांवर चालते. पहिल्या वाक्याने एक जुना संगणक हातात पडतो, दुसऱ्याने एक सेवा मान्य होते. पैशाचा उल्लेख कोणी करीत नाही, कागद होत नाही, मुदत ठरत नाही. देणाऱ्याला अडगळ गेल्याचे समाधान असते आणि घेणाऱ्याला फुकट यंत्र मिळाल्याचा आनंद. व्यवहार असा दोन्ही बाजूंनी गोड असल्यामुळे त्याचा हिशेब मांडावा, असे कोणाच्या मनात येत नाही. तो मांडणे मात्र आता आवश्यक झाले आहे.

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी हे अशा देवघेवीला सर्वस्वी अनुकूल असे गाव आहे. पुणे-नाशिक रस्त्यालगत, आळेफाट्याच्या अलीकडे वसलेल्या या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने बागायत वाढविली. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांनी शिवार हिरवे झाले आणि मुलांच्या शिक्षणाला चार पैसे मिळू लागले. येथील पुष्कळ घरांतील माणसे मुंबई, पुणे वा चाकण येथे नोकरीस आहेत. यात्रेला किंवा सणासुदीला गावी येणारा असा एखादा चाकरमानी घरात नवा संगणक आल्यावर जुना गाडीत घालून आणतो. गावात महाविद्यालयात जाणारा एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी अशी असतेच, की जिचा ‘त्यातला हात’ सर्वांना ठाऊक असतो. यंत्र तिकडे जाते आणि त्याच्या पाठोपाठ ‘बघत जा’ हेही जाते.

‘बघत जा’ याचा अर्थ

हे बघणे म्हणजे नेमके काय? शाळेतील गुरुजींना ‘यू-डायस’ची माहिती भरावयाची असते आणि संकेतस्थळ उघडत नाही. दहा वर्षांपूर्वी निराळ्या फाँटमध्ये टंकलेल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणावयाच्या असतात, कारण नव्या यंत्रावर त्यांची अक्षरे म्हणजे चिन्हांचा बाजार होऊन बसतो. पतसंस्थेच्या कारकुनाचा प्रिंटर ऐन मार्चअखेरीस रुसतो. शेतकऱ्याला सातबारा उतरवून घ्यावयाचा असतो आणि पीकविम्याची मुदत संध्याकाळी संपणार असते. यांपैकी एकही काम मोठे नाही. परंतु एकही काम थांबू शकत नाही. ‘जरा’ हा शब्द अशा वेळी फार फसवा ठरतो.

त्यातही गावाची म्हणून एक अडचण असते. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने रात्री मळ्यातल्या वस्तीवर जाणे धोक्याचे. त्यामुळे बोलावणे येते ते दिवसाउजेडी, म्हणजे नेमके वर्गाच्या वेळी. संगणक फुकट मिळाला खरा. पण त्याची किंमत बुडालेल्या तासांच्या रूपाने हप्त्याहप्त्याने फिटत राहते, आणि शेवटचा हप्ता कोणता हे कोणीच सांगत नाही.

या सेवेचे मोलही नीट ओळखले जात नाही. एक साधे उदाहरण पुरे आहे. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा, तीन व्होल्टचा एक सेल असतो. यंत्र बंद असताना त्यातील घड्याळ या सेलवर चालते. सेल संपला की यंत्र सुरू होताना तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळे आपले प्रमाणपत्र तारखेवरून पडताळून घेत असल्याने ती उघडण्यास नकार देतात. वापरणाऱ्याला वाटते, इंटरनेट बिघडले किंवा यंत्रच कामातून गेले. जाणता मुलगा कोपऱ्यातील तारखेकडे एकदा पाहतो, थोडक्या पैशांचा सेल बदलतो आणि पाच मिनिटांत काम होते. मग घरातील मंडळी म्हणतात, ‘एवढंच होतं होय!’ सेलची किंमत सर्वांना दिसते. कोपऱ्यातील तारखेकडे पाहावे हे ज्ञान मिळविण्यासाठी त्या मुलाने किती रात्री घालविल्या, किती यंत्रे उघडून पुन्हा मिटली, हे कोणाला दिसत नाही.

अर्थात, या देवघेवीची दुसरी बाजू नाकारणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात २००१ पासून एम. एस. सी. आय. टी. अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणक वापरावयास शिकविले; परंतु वापरणे निराळे आणि दुरुस्त करणे निराळे. रॅमच्या पट्टीची टोके खोडरबराने पुसली की मुका संगणक कधी कधी बोलू लागतो, फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून एस. एस. डी. बसविली की दहा वर्षांचे यंत्र तरुण होते, विजेचा दाब कमीजास्त झाला की प्रथम बळी बहुधा एस. एम. पी. एस.चा जातो, हे धडे स्वतःच्या मालकीच्या जुन्या यंत्रावरच गिरवता येतात. नव्या, महागड्या यंत्राला स्क्रू-ड्रायव्हर लावण्याचे धाडस कोणता पालक करू देईल? याच तालुक्यात खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. विज्ञानदिनी तेथे भरणाऱ्या प्रदर्शनास परिसरातील विद्यार्थी उत्साहाने जातात. त्या विज्ञानाकडे जाणारी वाट एखाद्या मुलाच्या बाबतीत दुसऱ्याने टाकून दिलेल्या डब्यातून निघत असेल, तर तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

जुन्या यंत्रांचा ओघ

ही देवघेव येत्या काळात वाढणार, अशी चिन्हे आहेत. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या पुढच्या आवृत्तीला टी. पी. एम. २.० नावाची सुरक्षाव्यवस्था आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील असंख्य संगणक केवळ या अटीत बसत नाहीत म्हणून शहरांतून निरुपयोगी ठरत आहेत. त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घातली, तर शाळेतील टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट ही कामे ते आणखी काही वर्षे सुखाने करू शकतील. परंतु ती प्रणाली घालणारा, शिकविणारा आणि अडल्यावेळी धावणारा माणूस हवा. यंत्र फुकट आहे, माणूस फुकट नाही, हे येथेच ध्यानात घेतले पाहिजे.

बलुत्याचा धडा

सेवेच्या बदल्यात वस्तू ही कल्पना मराठी मुलुखाला नवी नाही. बारा बलुतेदारांची व्यवस्था याच तत्त्वावर उभी होती. सुताराने वर्षभर औते भरावीत, लोहाराने फाळ शेवटावे, चांभाराने मोटेची डागडुजी करावी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर येऊन आपला वाटा न्यावा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आणि तिच्यातील कुरबुरीही दाखविल्या. काम अमुक, वाटा तमुक असा संकेत असला, तरी प्रत्यक्षात कामाला माप नव्हते आणि वाट्याला खात्री नव्हती.

या बेमाप सेवेचा भार ज्यांच्यावर सर्वांत अधिक पडला, त्यांची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८७४च्या वतनविषयक कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, ते याच कारणासाठी. रात्री-अपरात्री केव्हाही बोलवावे आणि त्याचा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर राहावा, ही स्थिती माणसाला गुलाम करते, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या दया पवार यांच्या आत्मकथनाचे नाव ‘बलुतं’ असावे, यात त्या शब्दाचा सारा इतिहास सामावला आहे.

संगणक दुरुस्त करणाऱ्या आजच्या मुलाची त्या पिढ्यांच्या दुःखाशी बरोबरी करणे अनुचित ठरेल. त्याच्यावर जन्माने काही लादलेले नाही, तो उद्या ‘नाही’ म्हणू शकतो. तथापि त्या इतिहासातून एक धडा निश्चित घेता येतो. मोबदला एकदाच द्यावयाचा आणि सेवा कायमची घ्यावयाची, असा करार जिभेवर कितीही गोड असला, तरी न्यायाचा असू शकत नाही. जुन्या बलुत्यात निदान दर सुगीला वाटा मिळे, तोही सर्वांच्या देखत, उघड्या खळ्यावर. नव्या बलुत्यात एक जुना डबा एकदा देऊन कित्येक सुग्यांची बेगमी केली जाते.

पोटातली कागदपत्रे

आणखी दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे यंत्राच्या पोटात राहिलेली माहिती. फाइल पुसली किंवा डिस्क साध्या रीतीने फॉरमॅट केली, की सर्व नष्ट झाले, असा समज आहे. वस्तुतः पुष्कळदा केवळ अनुक्रमणिका जाते, मजकूर जागच्या जागी राहतो आणि साध्या साधनांनी परत मिळविता येतो. आधार कार्डांच्या प्रती, बँकेची पासबुके, विद्यार्थ्यांच्या याद्या अशा रीतीने परक्या घरी जातात. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. परंतु कायद्याच्या आधी शिष्टाचार आहे. देणाऱ्याने डिस्क पुरती पुसून द्यावी किंवा काढून ठेवावी. घेणाऱ्याने, पुसली नसेल तर, न बघता पुसावी. विश्वास हे या देवघेवीचे भांडवल आहे. ते एकदा गेले, की त्या मुलाला गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. दहा यंत्रे मिळाली, की त्यांतून चार उभी राहतात. उरलेल्या सहांचे सांगाडे कोणाच्या दारात? जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, आरंभीच्या अनेक सपाट पडद्यांमागील नळ्यांत पारा असतो. तांब्यासाठी तारा जाळणे हा तर विषाचा धूर आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहकसंस्थांनी असा कचरा नोंदणीकृत यंत्रणांकडेच सोपविला पाहिजे. लहान घरांना व दुकानांना हा जाच नाही. म्हणून त्यांनी आपला कचरा ‘भेट’ म्हणून मुलाच्या पडवीत लोटावा, हे शोभत नाही. शाळा, ग्रामपंचायत वा सरकारी कचेरीतील यंत्रे तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेली असतात. रीतसर निर्लेखन झाल्याखेरीज ती कोणाला देता येत नाहीत. चांगल्या हेतूने दिलेला संगणकही उद्या लेखापरीक्षणात मुख्याध्यापकाच्या गळ्याशी येऊ शकतो.

शब्द आधी ठरावा

मग ही देवघेव बंद करावी काय? मुळीच नाही. ती शब्दांत बांधावी, इतकेच. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २००० साली ‘फ्री गीक’ नावाची संस्था निघाली. तिच्या एका योजनेत स्वयंसेवकाने २४ तास काम केले, की त्याला दुरुस्त केलेला एक संगणक मिळे. चोवीस तास भरले, यंत्र मिळाले, देणे फिटले. उपकाराचे ओझे कोणाच्या डोक्यावर राहिले नाही. केरळने निराळी वाट धरली. तेथील शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थिमंडळांतून हार्डवेअर, मल्याळम भाषेतील संगणन, सायबर सुरक्षा हे विषय मुलांच्या हाती दिले. एकट्यादुकट्याच्या हौसेवर चालणारे ज्ञान तेथे शाळेचे झाले.

पिंपळवंडीसारख्या गावाला या दोन्हींतून घेता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यासाठी सरकारच्या नव्या योजनेची वाट पाहावयास नको. जुना संगणक देताना एका चिठ्ठीवर चार ओळी लिहाव्यात: यंत्र कोणते, त्याची स्थिती कशी, बदल्यात किती तासांची वा किती महिन्यांची मदत, आणि माहिती पुसली आहे की नाही. ठरलेली मदत संपल्यावर पुढच्या कामाचे पैसे द्यावेत, मग ते थोडे का असेनात. शाळेला यंत्र द्यावयाचे, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने आणि नोंदीने द्यावे. जाणत्या मुलाने आठवड्यातून एक ठरावीक वेळ शाळेतच बसावे आणि सोबत धाकट्या दोघांना शिकवावे. म्हणजे तो शिक्षणासाठी बाहेरगावी गेला, तरी गाव अडणार नाही. परीक्षेच्या महिन्यात त्याला बोलावू नये, हा दंडक तर आजच घालता येईल.

चिठ्ठी लिहिण्याचा संकोच गावाला वाटतो, कारण माणुसकीत हिशेब आणणे लोकांना कमीपणाचे वाटते. पण हिशेब चुकला, की माणुसकी फार काळ टिकत नाही. तीन वर्षे ‘बघत’ राहिलेला मुलगा एके दिवशी फोन उचलीत नाही. मग देणारा म्हणतो, एवढा संगणक दिला, त्याची जाण नाही. आणि मुलगा मनात म्हणतो, त्या डब्याचे देणे मी केव्हाच फेडले. दोघांचेही बोलणे खरे असते. फक्त ते पहिल्या दिवशी बोलावयास हवे होते.

‘बघत जा’ हे शब्द गावाच्या जिव्हाळ्याचे आहेत, ते राहोत. मात्र ते ऐकल्यावर ‘किती दिवस?’ असे विचारणाऱ्या मुलाला कोणी उद्धट म्हणू नये. तो आपल्या वेळेची किंमत ओळखू लागला आहे. संगणकाने त्याला दुसरे काही शिकविले नसेल, तरी एवढे शिकविले तर ते यंत्र फुकट गेले नाही.